निनावे

माझं आडनाव निनावे.
तांडापेठेत, जिथे मी वाढले, या नावाची वीसेक घरं आहेत.
तिथे कुणी हसत नाही.
गांधीबागेतल्या आमच्या पतसंस्थेत, दुसऱ्या मजल्यावर,
कोठेकर साहेब दर सोमवारी विचारतात,
"निनावे मॅडम, पण नाव काय तुमचं?"
आणि टेबलं हसतात.
सुरुवातीला मीही हसले.

ओरडत नाहीत ते कधी.
हे आधीच सांगते, कारण घरी सगळे हेच विचारतात:
ओरडतात का? पगार कापला का? अंगाला हात लावला का?
नाही. नाही. नाही.

मग सांगायला उरतं ते एवढंएवढं.
मीटिंग चारला होती, मला पाचला कळली.
मी जुळवलेलं लेजर नव्या पोराकडून पुन्हा तपासून घेतलं,
माझ्यासमोर, पेन्सिलीने टिक करत.
मेच्या मध्यावर माझं टेबल खिडकीकडे सरकलं,
जिथे कूलरचा वारा पोचत नाही, ऊन पोचतं.
"उजेड चांगला आहे तिथे," साहेब म्हणाले,
"तुमच्या चुका तुम्हालाच दिसतील."
मग गोड हसून, "गंमत केली हो."

शब्द शोधत होते मी.
छळ म्हणावं तर तो पेपरात असतो,
सासरचा, रॉकेलचा वास असलेला.
त्रास म्हणावं तर तो गुडघ्यांचाही असतो.
आणि गंमत हा शब्द साहेबांनी
आधीच आपल्या खणात ठेवलेला.
संध्याकाळी अग्रसेन चौकातून मेट्रोत बसले
की काचेतल्या बाईला विचारायची,
तूच जरा जास्त मनाला लावून घेतेस का?
ती हो म्हणायची. लगेच.

शेवटी बोलल्या त्या बेबीताई उईके,
कूलरमध्ये पाइपाने पाणी भरता भरता,
माझ्याकडे न बघता:
"तुमी बोलाले लागल्या का सायेब घड्याळ पाह्यते.
दुसऱ्याच्या टायमाले नाही पाहत.
मी तं रोजच पाहून राहिली."

म्हणजे ते बाहेर होतं.
माझ्या डोक्यात नव्हतं.
त्याला वार होता, वेळ होती,
हातात पाइप धरलेला एक साक्षीदार होता.

त्या रात्री वहीत तारखा लिहायला बसले.
सत्तावीस झाल्या.
अठ्ठाविसावी आठवली ती माझी नव्हती.
खिडकीजवळचं टेबल तेव्हा टेकाडेंचं.
ते जरा अडखळत बोलायचे.
साहेब त्यांचं वाक्य पूर्ण करून द्यायचे, मुद्दाम भलतंच,
आणि टेबलं हसायची.
त्यातलं एक माझं.

टेकाडेंनी उमरेडला बदली मागून घेतली.
जाताना सगळ्यांना संत्राबर्फी वाटली.
मी दोन वड्या घेतल्या.

फोन लावला तेव्हा दहा वाजून गेले होते.
तसा उशीर दोन वर्षांचा होता.
पलीकडे पंख्याची घरघर.
माफी मागायची होती, पाठ केलेली, स्वच्छ,
पण तिसऱ्याच शब्दाला मी अडखळले,
आणि त्यांनी माझं वाक्य पूर्ण केलं नाही.
थांबले.
माझं संपेपर्यंत थांबले.
मग म्हणाले,
"खि... खिडकीजवळचं का?"