ग्लासातलं पाणी

वांगी हिरवीच. एक पान पिवळं नाही,
खरं दुपारी सगळ्यांनी माना टाकलेल्या.
रात्री उठायची. परवापासून तीही उठत नाहीत.

सातेरीनं खोड तिरकं कापून
चहाच्या ग्लासात लोंबतं धरलं.
पाण्यात पांढरा धागा उतरू लागला,
सावकाश, कुणी आतून सोडत असल्यागत.

धारवाडची पोरगी बाटलीवर आकडा घालत म्हणाली,
पलीकडच्या बटाट्यातबी हाच जंतू,
खरं हा तो नव्हे. वाण वेगळा.

भरमाण्णा हसला. कडोलीत त्यात नवं काय?
एकाच विहिरीवर अल्याड ‘ये’, पल्याड ‘बा’.
रोगालाबी दोन नावं, मर आणि सोरगु.

जीप गेली.
सातेरी बांधावर अजून उभा,
ग्लास हातात.
ओतायचं कुठं,
विचारायचंच राहिलं.