झाडांना पत्रक मिळालं नव्हतं

पत्रकं जूनमध्येच छापून झाली होती:
ऑगस्टचा पहिला रविवार, सकाळी नऊ,
कार्मो पार्क, चेरीचा उत्सव.
झाडांना कुणी पत्रक दिलं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी तोकुयामा टेकडी चढून आले
आणि नुसती मान हलवली.
कळ्या होत्या, मुगाएवढ्या,
तोंड घट्ट मिटून बसलेल्या,
जबाब द्यायला बोलावलेल्या साक्षीदारांसारख्या.
खाली तर ढोल येऊन पडलेले,
पीठ मळलेलं,
मोजीहून नाचणाऱ्या बायकांची बस ठरलेली.

इरासिल्दा म्हणाली, मी बघते.

इरासिल्दा इताकेऱ्यात पडदे शिवते.
जपानशी तिचा संबंध एवढाच
की माझ्या आजोबांच्या गाडीवर
तीस वर्षं तिनं उधारीत पास्तेल खाल्ले
आणि एक पैसा बुडवला नाही.
तिच्या घरात रात्रभर गुलाबी क्रेप कागद कापला आम्ही,
मी, माझा भाऊ, तिचे दोन जावई.
एका जावयाला पाकळ्या पाचच असतात हे शेवटपर्यंत पटलं नाही.
त्याची फुलं सहा पाकळ्यांची. तीही बांधली.
पहाटे चारला शिड्या, बॅटऱ्या, तार,
आणि बोटं गारठून लाकडं झालेली.

नऊ वाजता माणसं आली आणि फोटो काढू लागली.
कुणी विचारलं नाही.
एक हमिंगबर्ड आला, सहा पाकळ्यांच्या फुलापाशी
क्षणभर थरथरत उभा राहिला
आणि आपण इथे आलोच नव्हतो असा निघून गेला.

आजोबांना आम्ही हाताला धरून वर नेलं.
कांझो होकामा, वय शहाऐंशी,
एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यात संशय.
ही रांग त्यांनीच लावलेली,
गाडीवरचं तेल निवल्यावर, रविवारी दुपारी,
बादल्यांनी पाणी घालून.
त्यांनी फांदी खाली ओढली. फूल नाकाशी नेलं.
मी श्वास धरून उभी.
"खळ," ते म्हणाले. "आणि थोडा कांदा."
(इरासिल्दानं कात्री स्वयंपाकघरातून आणली होती.)

मग तिथेच गवतावर बसले,
आणि जे घरी कधी बोलले नव्हते ते
जावयांसमोर, पोर्तुगीजमध्ये, क्रियापदं चुकवत बोलले:
आलो त्या वर्षी जानेवारीत मी फुलांची वाट पाहिली.
आमच्या बेटावर जानेवारीतच फुलतात.
इथे आंबे पडत होते.
वाटलं, देशाचंच काहीतरी बिघडलंय.
या झाडांनी सहा महिन्यांचा फेर शिकून घेतला.
मला अजून जानेवारीत झोप येत नाही.

खाली ढोल सुरू झाले.
मोजीच्या बायका गोल धरून नाचू लागल्या,
त्यांच्यात एक दाढीवाला पोलीस,
हात नेहमी एक ताल उशिरा.

दुपारी गारवा उतरला,
या शहराची ती बारीक झिमझिम,
जिला पाऊस म्हणावं की नाही यावर भांडणं होतात.
क्रेपचा रंग सुटला.
टोप्यांवर, कपाळांवर, तोकुयामांच्या पांढऱ्या शर्टवर,
पास्तेलच्या कागदावर,
झोपलेल्या बाळांच्या गालांवर गुलाबी ओघळ.
परतताना मेट्रोच्या डब्यात
कार्मोहून आलेले कोण, ते लगेच ओळखू येत होतं.

झाडं फुलली ती पंधरा दिवसांनी, एका मंगळवारी.
मी कामावर होते.
झाडूवाल्या जुरांदिरनं नंतर सांगितलं,
एक म्हातारा आला होता, दोन बस बदलून,
दिवसभर बसला,
आणि फांद्यांना उरलेली तार
पक्कडीनं एकेक काढत होता.
फुलांना धक्का न लावता, म्हणाला.

माझ्या कोटाच्या कॉलरवर तो डाग अजून आहे.
इरासिल्दा म्हणते, व्हिनेगर लाव.