चादरी

पहाटे साडेतीनला मी चादरी भिजवते.
सरकारी, पांढऱ्या, कडा उसवलेल्या, आठ.
कूलरमध्ये आधी बर्फ, मग पाणी, मग चादरी,
मनगटं बधिर होईस्तोवर दाबायच्या.
सार्जंट क्रेनशॉ टॉर्च धरून मोजते.
ढोमणे तिला म्हणता येत नाही, डोम म्हणते.
"सातच आहेत, डोम."
आठवी माझ्या कोपराखाली.

कोलंबस, जॉर्जिया. जुलैचा दुसरा आठवडा.
नदीकडून येते ती हवा कुणीतरी आधीच वापरलेली.
आमच्या ब्रह्मपुरीचं ऊन कोरडं, उघड वैरी.
सत्तेचाळीसला कुत्रंही रस्ता ओलांडत नाही,
माणूस कानाला दुपट्टा बांधतो, खिशात कांदा ठेवतो,
कांद्यानं काही होत नसेल,
पण निदान घाबरल्याची कबुली तरी असते ती.
इथलं ऊन ओलं.
अंधारातही असतं.
घाम येतो आणि उभाच राहतो,
चहा झालेल्या पाहुण्यासारखा.
वाळतो तो घाम कामाचा,
टपकतो तो नुसता खर्च.

खांबावर झेंडा चढतो,
हिरवा, पिवळा, लाल, काळा.
झेंडा हवेचा ताप सांगतो,
पोराच्या पोटातला नाही.
कोण रात्रभर झोपला नाही,
कोणाला जुलाब झालेत नि तो बोलत नाही,
कोण आठच दिवसांपूर्वी थंड गावातून आलाय,
हे बुटांच्या नाड्या बांधताना वाचावं लागतं.
एकाच्या हातातली बाटली मी काढून घेतली.
तासाला दीड क्वार्टच्या वर नाही, बाबा,
पाण्यानंही माणूस बुडतो, आतून.
त्याला खारी बिस्किटं दिली. तो रुसला.

उल्सेथ पहिल्या तिघांत होता.
तिथंच तर गोम आहे.
मागे पडणारा थांबतो, थांबणारा वाचतो.
अकराव्या मैलावर तो पडला नाही,
वाट सरळ असताना
डावीकडे, पाइनच्या झाडांत,
कुणीतरी हाक मारल्यासारखा शांत चालू लागला.

धरला. विचारलं, घरी कोण कोण असतं?
"मार्गिट," म्हणाला.
"तिला आत घ्या. भिजतेय."
आभाळ कोरडं ठणठणीत.

कात्री. शर्ट, बूट, सगळं.
थर्मामीटर तिथं, जिथं लाजेला वेळ नसतो.
एकशे सात पूर्णांक सहा.
चादर, डोक्यापासून. काखेत बर्फ. जांघेत बर्फ.
तीन मिनिटांत चादर गरम,
खरंच गरम, तव्यावरून उतरवल्यासारखी.
बदल.
नवा लेफ्टनंट म्हणाला, गाडीत घाला ना त्याला!
क्रेनशॉनं मानही वळवली नाही.
"आधी गार. मग गाडी."
बदल.
माझ्या गुडघ्याखाली लाल चिखल झाला,
त्यात बर्फाचे खडे, त्यात कुणाचीतरी टोपी.
एकशे पाच.
बदल.
एकशे तीन, आणि मधली काही मिनिटं
मला आठवत नाहीत.
एकशे दोनला हात काढले,
गारव्यालाही थांब म्हणावं लागतं.

मग त्याला हुडहुडी भरली
आणि त्यानं एक शिवी दिली,
स्पष्ट, अर्थपूर्ण, लिंगवचन बरोबर.
क्रेनशॉ हसली. मी या उन्हाळ्यात
तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं.

मार्गिट बहीण का तुझी?
तो माझ्याकडे बघत राहिला.
"बहीण नाही मला. बोट आहे, वडिलांची.
तिच्याबद्दल तुला कुणी सांगितलं?"

रात्री दोरीवर चादरी घातल्या.
सकाळपर्यंत वाळल्या नाहीत, हवाच तशी.
तशाच ओल्या परत बर्फात.
क्रेनशॉच्या आधी आज मीच मोजल्या.
सात.
कोपर उचलून पाहिलं.
सातच.
आठवी त्याच्याबरोबर गाडीतून गेली.