काखेखालून

निंबा गावंड्याचा पोरगा फौजेतून सुटीवर आला
आणि पारावर बसून मंगोलियातली कुस्ती सांगू लागला.
तिथं घड्याळ नाही, म्हणाला. वजनकाटा नाही.
हौद नाही, नुसतं गवत,
नजर पोचते तिथवर आखाडा.
साठ किलोचा सव्वाशेच्या पुढ्यात उभा राहतो
आणि कोणी हरकत घेत नाही.

"मंग चीत कसं ठरवते?"
चीत करायचंच नसतं.
गुडघा टेकला, कोपर टेकलं, संपलं.
मी म्हटलं, आमचे पहेलवान तर
माती कपाळाला लावतानाच गुडघा टेकतात,
सलामीतच सारी दंगल आटपेल.
वीस वर्षं पंच आहे मी. शिटी अजून खिशात असते.

जिंकलेला गरुडासारखे हात पसरून हळूहळू फिरतो,
हेही त्यानं करून दाखवलं.
पाराखालचं कुत्रं उठून गेलं.

"अन् हारलेला?"
"तो त्याच्या काखेखालून जाते. वाकून.
मंग मनात काही ठेवाचं नाही."

सगळे हसले.

मानोऱ्याची दंगल, नागपंचमी, सत्तावीस मिनिटं.
हबीबनं धोबीपछाडवर घेतलं मला
आणि एकावन्न रुपये अन् जर्मनची गुंडी घेऊन गेला.
मी अंगावरची माती तशीच ठेवून एसटीत बसलो.
त्याचं सायकलचं दुकान आमच्याच फाट्यावर.
तेव्हापासून पंक्चर झालं की मी सायकल
दिग्रसपर्यंत ढकलत नेतो.

बुधवारी गेलो.
ट्यूब पाण्यात दाबून तो बुडबुडे पाहत होता.
"हात वर कर."
"काहून?"
"कर न बे."
उजवा गेला वर. डावा खांद्याशीच अडला.
"मानोऱ्यापासून असाच हाये," म्हणाला,
"तुले पटकताना उतरला होता."

इतक्या वर्षांत मला हे कोणी सांगितलं नाही.
मी कोणाला विचारलंही नाही.

उजव्याखालून सहज जाता आलं असतं.
मी डाव्याचं कोपर धरलं,
त्याला सोसेल तितकंच उचललं,
आणि वाकलो.
जागा फार थोडी होती. ग्रीसचा वास, घामाचा वास,
तोच घाम.
निघता निघता माझा गुडघा
त्याच्या दुकानापुढच्या मुरमात टेकला.

ओल्या हातानं त्यानंच मला उठवलं.
"पागल झाला का?" म्हणाला.
मग सायकलीकडे पाहून,
"पंक्चर मागचं का पुढचं?"