सॅमन

मंगळवारी बाजारातला ओटा धुऊन झाला
तसा मायच्या पुढ्यात ठेवला मी
हॉटेलच्या किचनमध्ये उरलेला तुकडा.
तिनं उलटापालटा केला, हुंगला.
"गाजरासारखा लाल, बाप्पा!
खवले कुठी हायेत याचे?"

म्हटलं, हा जिथं जन्मते
तिथंच परत जाते, धारेच्या उलटा,
अंडी टाकाले.
तिकडचे ढीवर वर्षाच्या पहिल्या माशाची हाडं
नदीतच परत सोडते.

माय विळ्याची धार पुसत राहिली.
तिचं गाव धरणात आहे,
घाटावरच्या आंब्याच्या शेंड्यासकट.
मरळीची लाल पिलं दिसली
की तिचा बाप जाळं खांद्यावरच ठेवायचा.

"मंग याले," ती म्हणाली,
"कोनं अडवलं?"
आणि तुकडा पदराखाली घेतला.
बोका बघत होता.