अलीकडे, पलीकडे

पाळणाघर कुठं बघायचं यात
आपले दोन रविवार गेले.
विजेच्या बिलाच्या पाठीवर तू पांझरा काढलीस,
एक वाकडी रेघ. वर देवपूर, आपलं घर.
त्याच्याही वर माझं सोनगीर,
अर्धा तास, बस मिळाली तर.
रेघेखाली धुळं, आणि पार तळाशी
तुझं अवधान, पाइपांची कंपनी, नऊचा भोंगा.

तू म्हणालास, नदीच्या अलीकडेच बघू.
मी म्हटलं, कुणाच्या अलीकडे?

एका ठिकाणी कूलर होता, आणि दिवसभर टीव्ही.
दुसरीकडे फॉर्मच चार पानी,
आईचा व्यवसाय विचारलेला, वडिलांचा फक्त फोन.
गल्ली नंबर सहात भदाणेबाईंनी
आपल्याकडे पाहिलंच नाही.
‘ये व माय, आठे बठ,’ म्हणाल्या,
आणि कानू बसली.
बिलावरचा हिशेब तिथंच मोडला.

मग ठरलं: सोडणं तुझं, आणणं माझं.
किलोमीटर जवळपास सारखे,
पेट्रोल तुझं, पास माझा.
फक्त एवढं कुणी मोजलं नाही की
सोडणाऱ्याच्या वाट्याला रडणं येतं
आणि आणणाऱ्याच्या गळ्यात हात.

मी रोज संध्याकाळी गळाभर हात घेऊन यायचे
आणि तुझ्या पगारातले लेटमार्क मोजायचे.
साडेआठला सोडतोस, तरी भोंगा चुकतो कसा?
तू कळण्याची भाकर मोडत गप्प.

वैशाखात एकदा म्हणालास,
‘उद्या मला आणू दे. एकदाच.’

म्हणून आज मी सोडलं.
ओढणीची किनार तिच्या मुठीतून
एकेक बोट उकलत सोडवली.
दार लागलं. गल्लीभर तिचा आवाज.
पुलाच्या तोंडाशी आले तर पर्समध्ये
तिची एक चप्पल.
तुला फोन लावला. बोलता येईना.

‘सिग्नलपर्यंत जा,’ तू म्हणालास,
‘आणि परत फीर.
मागच्या खिडकीखाली उभी राहा, जाळीची आहे ती.
तोवर थांबलेली असते.
कधी कधी भदाणेबाईंच्या डब्याशी खेळते.’

तुला कसं माहीत, हे मी विचारलं नाही.

शिरपूर गाडी पुलावरून गेली, जाऊ दिली.
हातात चप्पल घेऊन
मी परत फिरले.