नावं सोडून सगळं

काळ्या पडद्यावर एकच ओळ:
सुरू व्हायला काही सापडत नाही.
चूक माझीच. ‘सगळं पुसू का?’
असं त्यानं नीट विचारलं होतं,
मी पेंगत हो म्हटलं.

दांडिया बाजारातले पिनाकीनभाई म्हणाले,
“थई जशे, बेन. वाटणीचा कागद फाटलाय,
जमीन जागेवरच आहे.”
पेनड्राइव्ह खोचला
आणि शेव-उसळ खायला गेले ते गेलेच.

मी शटरच्या आत, स्टुलावर, आकडे बघत.
चार टक्के.
चार टक्के.
पाच.
सुरसागरच्या बाजूनं एखादी रिक्षा.

रात्री पावणेदोनला सगळं परत आलं,
फक्त नावं आली नाहीत.
अकरा हजार फायली,
प्रसूतिगृहातल्यासारखा
मनगटाला नुसता नंबर बांधलेल्या.

घरी आणून एकेक उघडतेय.
हे लाइटबिल.
हा अवधूतच्या मुंजीचा हिशेब,
आचाऱ्याचे पैसे दोनदा लिहिलेत,
दिलेही दोनदाच असणार.
हे पत्र. कुणाला?
माझंच, न पाठवलेलं.
ह्याला तर तेव्हाही
नाव दिलं नव्हतं.

असू दे तसंच, नंबरावर.
पुढची घेते मांडीवर,
कानाशी वाकते:
कुर्र.